बुडणाऱ्याचे तोंड

पेंगने करणीच्या टोकाने विहाराच्या भिंतीवरच्या बुडणाऱ्या सैनिकाचे तोंड उघडले. सिमेंट अजून ओले होते. त्याच्या वर धरणीदेवी आपले केस पिळत उभी होती. माणसांनी दान देताना ओतलेले सारे पाणी त्या केसांत साठलेले. आणि बुद्धावर चालून आलेले माराचे सैन्य त्याच पाण्याच्या पुरात वाहून चाललेले.

चांथूने भाताचा डबा पालथ्या घमेल्यावर ठेवला.

"जेव आधी. देवीला यंदाही बायकोचंच नाक दिलंस ना?"

"दुसरीचं दिलं असतं, तर घरात घेतलं असतं का मला?"

ती हसली नाही. त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली. तिचा मुलगा रिथ मासेमारीच्या बोटीवरून गेला. समुद्राने त्याला परत दिले नव्हते. उद्या त्याचा शंभराव्या दिवसाचा विधी होता.

"उद्या मी पाणी ओतणार नाही."

"असं काय करतेस, ताई? मग त्याला पुण्य पोचायचं कसं?"

"जन्मभर ओतलं. ते हिच्या केसांत गेलं, नि हिनं पिळलं. कुणावर?"

"अगं, ही माराची माणसं. वाईट."

"बुडताना कोण वाईट दिसतं रे?"

पेंग करणी पुसत बसला.

"याला एक फळी दे," ती म्हणाली. "धरायला."

"फळी? आजवर कुणी काढली नाही. भन्ते ओरडतील."

"ओरडू देत."

सिमेंट आळत चालले होते. पेंगने उघडे तोंड बुजवले आणि सैनिकाच्या काखेखाली फळी कोरली. तिच्याकडे वळून पाहिले नाही.

सकाळी वृद्ध भन्ते भिंतीपुढे थांबले. पेंगने मान खाली घातली.

"फळी आखूड झाली," भन्ते म्हणाले. "शेजारच्याचाही हात पोचू दे."

विधीला चांथूने सुरई उचलली. पाठ सुरू झाला, संपला. बाकीच्यांच्या सुरया रिकाम्या झाल्या. तिचे पाणी अजून थेंबाथेंबाने वाडग्यात पडत होते. तिने सुरईच्या तोंडावर बोट धरले होते.

"ओत की भरभर," शेजारीण कुजबुजली. "भन्तेंचं जेवण व्हायचंय. दुपार टळली की उद्यापर्यंत उपाशी ते."

"भरभर ओतलं की पूर येतो," चांथू म्हणाली.

दुपार टळली, ऊन पायरीवरून उतरू लागले. भन्तेंनी ते पाहिले, आणि समोरचे ताट आवाज न करता बाजूला सारले.