कॅमेऱ्यासमोरून हटवलेला बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. कोर्टातल्या एका दालनाबाहेरचा. खोटं बोलायला निघालेला साक्षीदार असो की खरं बोलायला आलेला, दोघांचेही तळहात माझ्यावर सारखेच घामेजतात. म्हणून मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

एके दिवशी समोरच्या भिंतीवर कॅमेरा बसला. पाठोपाठ कॉम्प्युटरवर आकडे मांडणारी एक मुलगी आली. कोणत्या वेळी किती माणसं ताटकळतात हे कॅमेरा मोजणार आणि त्यावरून तारखा आखल्या जाणार, म्हणजे कुणाचा दिवस फुकट जायला नको. हेतू चांगलाच होता. पण कचेरीचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे बाबू म्हणत, ते जरा जास्तच गोड हसले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

लवकरच मला उचलून मागच्या जिन्याखाली टाकलं. "इथे हवा छान येते," मोठे बाबू म्हणाले. हवा कसली, तिथे झाडू ठेवायचे! शिपाई येईल त्याला सांगू लागला, "बाक मागे आहे, तिकडे बसा." पुढचा व्हरांडा ओस पडला, आकडे घसरले आणि बाबूंचं कौतुक झालं.

गुडघ्यांनी बेजार झालेली, शिवणकाम करणारी एक मावशीही मागे येऊन बसली. दिराने तिच्या दुकानाला कुलूप ठोकलं होतं. ते उघडावं म्हणून तिचा दावा होता. तिच्या नावाचा पुकारा पुढे झाला. मागे ऐकू कुठलं येणार! ती लंगडत पोहोचेपर्यंत 'गैरहजर' म्हणून दावा फेटाळलाही होता. परत येऊन ती माझ्यावर बसून रडली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात ती आकडेवाली मुलगी फोनवर बोलत तिथे आली. "हो सर, गर्दी संपलीच म्हणा ना..." जिन्याखालची माणसं दिसताच तिने फोन खाली घेतला.

मावशीने डोळे पुसले, सरकून जागा केली. "बस गं. तुझीपण तारीख आहे का?"

"नाही मावशी. तुम्ही सगळे इथे का बसलाय?"

"बाक इथे आणला ना, मग बसणार कुठे?"

मुलीने सगळा प्रकार न्यायाधीशांच्या कानावर घातला. मावशीचा दावा पुन्हा सुनावणीला घेतला गेला. दुकानाचं कुलूप मात्र अजून तसंच आहे. मलाही पुढे आणलंय, पण काल मोठे बाबू टेप घेऊन माझी लांबी मोजून गेले, मग कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कोपऱ्याची. का, ते कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझी धूळही पुसू नका. फक्त गर्दी संपली म्हणून कुणी टाळ्या वाजवायला सांगितलं, तर आधी जिन्याखाली वाकून बघा. कुणाची तरी मावशी तिथे कान देऊन बसलेली असेल.