थोरल्याची डोण

सटवाजी अंगणातल्या दगडी डोणीत कोपरापर्यंत हात घालून कासवाची पाठ घासत होता. काथ्याचा बोळा राखेत बुडवायचा आन् पाठीवरच्या एकेका खवल्याभोवती फिरवायचा. शेवाळ सुटून पाणी हिरवं झालं होतं. कासवानं मान आत ओढून घेतली होती. डोणीच्या कडेला एक रिकामं पोतं भिजवून ठेवलेलं होतं.

सून कोकिळा ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. पोट लुगड्यातून दिसायला लागलं होतं. ती पायरी उतरली न्हाई. वरूनच म्हणली,

"मामा, त्याचा वास लय येतो. मळमळतंय मला. कुठंतरी न्या की त्याला."

सटवाजीनं वर बघितलं न्हाई.

"चाळीस वर्सं या घरात हाय ते. कुनाला वास आला न्हाई."

"मला येतोय."

"मग नाकाला पदर लाव."

आता ते कासव काही असंतसं न्हवतं. सटवाजीची बायको कस्तुराबाई नवरी होऊन राणीसावरगावला आली, तवा तिचं माहेर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला. पोरीला सासरी करमावं म्हणून बापानं नदीतलं तळहाताएवढं पिल्लू पदरात घातलं. पुढं लय वर्षं तिला लेकरू न्हवतं, म्हणून ती ह्यालाच थोरलं म्हणायची. भाकरीचा पहिला तुकडा थोरल्याला, मग माणसाला. सटवाजी चिडवायचा, की थोरल्याला आता बायको बघा, तुमचं वय व्हायलंय.

वैजीनाथ झाला तवा तिनं एक रीत काढली. कासव लय जगतं. मग त्याच्या पाठीवरून वघळलेलं पाणी लेकराच्या ओठाला लावायचं, म्हणजे त्याचं आयुष्य लेकराला लागतं. रोज सकाळी, बोटानं. गावातल्या बाया हसायच्या, पण वैजीनाथ जगला, चांगला दांडगा झाला, आन् रीत घरात राहिली. रझाकाराच्या सालात कस्तुराबाई तापानं गेली. जाताना थोरल्याला उपाशी ठेवू नका, एवढंच म्हणली.

वैजीनाथला पहिला पोरगा झाला, त्याचं नाव चंद्रभान. आजी न्हवती, मग रीत सटवाजीनं पाळली. सकाळी डोणीपाशी बसायचा, नातू मांडीवर घ्यायचा, कासवाच्या पाठीवर पाणी वतायचा, आन् उजव्या हाताचं बोट पोराच्या ओठाला लावायचा. पोरगं ते बोट चोखायचं, सोडायचंच न्हाई. सटवाजी येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा.

मग पोराला हगवण लागली. धुरपदाबाई सुईण आली. वेखंड झालं, मुरडशेंग उगाळून झाली, उतरून टाकलं. पोरगं कोकिळाच्या मांडीवर हलकं हलकं होत गेलं आन् एका सकाळी हललंच न्हाई. लोक म्हणले, देवाची मर्जी. सटवाजी बी तेच म्हणला.

आता परत दिवस गेले, तसं वैजीनाथनं तिला गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरवलं. बैलगाडी सटवाजीनंच हाकली. तू धक्के देतोस म्हणून पोराच्या हाती कासरा दिला न्हाई.

आत खिडकीपाशी बसलेली नर्स हैदराबादेकडची, पोक्त बाई. तिनं पहिल्या लेकराचं खोदून खोदून विचारलं. घरात कोणती जनावरं हायत, ते बी विचारलं. कोकिळानं साध्या मनानं ती रीत सांगून टाकली. नर्सनं खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग तिनं समजावलं, की असल्या जनावराच्या अंगाला आन् पाण्यात पोट बिघडवणारी घाण असते. दिसत न्हाई. मोठ्या माणसाला ती बहुतेक पचते, तान्ह्याला सोसत न्हाई. पोटुशीनं त्या डोणीला हात लावू नये. दुसऱ्या कुणी लावला, तर साबणानं हात धुतल्याबिगर भांड्याला, पाण्याला, लेकराला शिवू नये. आन् लहान लेकरू हाय तवर ते जनावर घरातच नको.

"म्हंजे आमचं लेकरू त्या पान्यानं गेलं का?" कोकिळानं विचारलं.

"वो अल्ला जाने, बेटी. अब के मत देना."

बाहेर आल्यावर वैजीनाथनं बायकोला भिंतीच्या आडोशाला घेतलं. आबाला ह्यातलं काही कळू द्यायचं न्हाई म्हणला. कळलं तर म्हातारा अन्न सोडील. मग कासव घरातून काढायचं कसं? ते कोकिळानंच ठरवलं. वासाचं निमित्त करते म्हणली, शिव्या बसल्या तर मला बसतील.

येताना बी कासरा सटवाजीच्याच हातात होता. एरवी गंगाखेडपासून गावाच्या शिवेपर्यंत सटवाजीचं तोंड बंद होत न्हाई. त्या दिवशी नुसता बैलांच्या पाठीकडं बघत बसला होता.

ही दुसऱ्या दिवशीची सकाळ. नाकाला पदर लाव म्हणून सटवाजी थांबला न्हाई. उठला आन् गल्लीला ऐकू जाईल असा बोलला. माझ्या बायकोचं माहेर घरातून काढायलीस म्हणला. कोकिळा खाली मान घालून ऐकत राहिली. शेजारची कडूबाई भिंतीवरून डोकावून म्हणली, म्हाताऱ्यापाशी तेवढंच तर राहिलंय, बाई. कोकिळा ओसरी झाडायला लागली.

दुपारी सटवाजीनं कासव त्या ओल्या पोत्यात घातलं आन् गाडी जुंपली. गंगेला सोडून दुसऱ्या दिवशी परत आला. आल्या आल्या डोण मातीनं भरून टाकली.

तिथून पुढं तो सुनेशी कामापुरतं बोलायचा. गोठ्यात बसायचा, तिथंच जेवायचा.

कोकिळाला मुलगी झाली. चांगली अंगानं भरली, हसायला लागली, गोधडीवर पालथी पडून मान वर काढायला लागली. सटवाजी लांबून बघायचा. तिच्यासाठी त्यानं बाभळीचा पाळणा करवून घेतला, पण स्वतः कधी त्याला झोका दिला न्हाई. पोरगी म्हणून उचलत न्हाई, असं कुणी म्हणलं. कासवाचा राग हाय, असं कडूबाई म्हणली. कोकिळाला बी तेच वाटायचं.

एक दिवस तव्यावर भाकरी आन् पोरगी रडायलेली. कोकिळा तिला घेऊन गोठ्यात आली.

"मामा, धरा जरा हिला. भाकरी करपायलीय."

सटवाजीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

कोकिळा तशीच उभी राहिली. इतके महिने गिळलेलं वर आलं.

"कासवाचा राग माझ्यावर काढा, मामा. लेकरानं काय केलंय?"

बैलानं शेपूट मारून माश्या उडवल्या.

"राग कसला, पोरी," तो म्हणला. "दवाखान्याच्या त्या खिडकीखालीच बैल सोडले होते मी."

कोकिळाला ते पोतं आठवलं. तिनं तोंड उघडायच्या आधीच भिजवून ठेवलेलं.

भाकरीचा वास गोठ्यापर्यंत आला. ती तव्याकडं गेली न्हाई. पोरीला तिथंच गोधडीवर ठेवलं आन् घरातून पाण्याचा तांब्या आन् गंगाखेडचा साबण घेऊन आली.

"हात काढा म्होरं."

सटवाजीनं हात म्होरं केले. ती पाणी घालत गेली, तो चोळत गेला. आधी तळवे, मग एकेक बोट. उजव्या हाताच्या त्या एका बोटापाशी थांबला, तिथंच घासत राहिला. साबणाचा फेस जाऊन नितळ पाणी पडायला लागलं. गोधडीवरची पोरगी रडायची थांबली होती. पाण्याच्या धारेकडं बघत तिनं हात लांब केला होता.

"झाले, मामा. सोच्छ झाले."

सटवाजीनं पोरीकडं बघितलं. हात तसेच धरून ठेवले.

"आनिक वत," म्हणला.