काफ, लाम आणि मागून आलेला ये

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. माझा एक कोपरा दुमडलेला आहे, निळा रंग जागोजागी उडाला आहे आणि माझ्यावर एकच शब्द लिहिलेला आहे. तुम्ही म्हणाल, एका शब्दाच्या पाटीला कसला एवढा तोरा? पण मला तोरा आहे आणि तो मी लपवणार नाही. माझ्याएवढी कामे केलेला शब्द या मुलखात दुसरा असेल, असे मला वाटत नाही.

माझा जन्म देगलूरचा. तिथे करीम पेंटर नावाचे एक कारागीर होते. देगलूरच्या बाजारात मराठी, उर्दू, तेलुगू, कानडी अशा चारही भाषा कानावर पडतात आणि करीमचाचा चारही लिप्यांत पाट्या रंगवत. एका वर्षी गावात मोठा कवितेचा जलसा ठरला. त्यासाठी त्यांनी लांबलचक पत्र्यावर उर्दूत लिहिले, ‘कुल हिंद मुशायरा’. कुल हिंद म्हणजे अवघ्या देशाचा. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून सगळ्यांत उजवीकडचा पहिला शब्द मी होते. काफ आणि लाम, एवढी दोनच अक्षरे, पण अर्थ केवढा! अवघे, सगळे, एकूण एक. मराठीत ज्याला सगळे अधिकार दिले त्याला कुलमुखत्यार म्हणतात ना? त्यातला ‘कुल’ तो मीच.

जलसा संपला आणि चाचांनी पत्रा कापला. ‘हिंद’ कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला. ‘मुशायरा’ची दोन झाकणे झाली. मला मात्र त्यांची लेक सुलतानबी किल्लारीला, आपल्या सासरी घेऊन गेली. तिला तिच्या छोट्या उजमाला अक्षरे शिकवायची होती.

तिथे गेल्यावर माझा अर्थच बदलला. आमच्या लिपीत अ, इ, उ असे ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. वाचणारा ते आपल्या समजुतीने भरतो. आता माझ्या शेजारी हिंद नव्हता, त्यामुळे मला ‘कुल’ म्हणायचे काही कारण उरले नव्हते. उजमाने मला ‘कल’ असे वाचले. उर्दूत कल म्हणजे उद्या, आणि काल म्हणजेसुद्धा कलच.

“अम्मी, ये गया सो कल है के आनेवाला?” उजमा विचारायची.

“आजूबाजू के लफ्ज देखना बेटा,” सुलतानबी सांगायची. “अकेला लफ्ज कुछ नै बोलता. साथवाले बोलते.”

सुलतानबीने मला उजमाच्या अंथरुणाजवळ लोखंडी पेटीच्या वर, भिंतीला टेकवून ठेवले होते. रोज झोपताना उजमा माझ्यावरून बोट फिरवायची.

मग १९९३ साल आले. गणपतीचे विसर्जन करून गाव झोपले होते आणि जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीची धाब्याची छते. सगळे काही क्षणांत खाली आले. मी घसरले, एका बाजूने पेटीवर अडकले आणि उजमाच्या तोंडावर आडवी झाले. माझ्यावर दगड पडला, तेव्हाच हा कोपरा दुमडला. पण मी हलले नाही. माझ्याखाली तिला श्वास घेण्यापुरती जागा राहिली.

उजाडल्यावर शेजारचे शेतकरी शेषेराव हातांनी माती उकरत आमच्यापर्यंत पोचले. त्यांनी उजमाला बाहेर काढले. सुलतानबी मात्र वाचली नाही. उजमाचे वडील जावेद लातूरच्या डाळ मिलमध्ये कामाला होते. ते धावत आले आणि त्यांनी लेकीला छातीशी धरले.

गावाबाहेर पत्र्यांच्या शेडमध्ये माणसांची सोय झाली. शेषेरावांची बायको सिंधुबाई तिथल्या चुलीवर खिचडी करत असे. उजमा मला पोटाशी धरून बसून राहायची. बोलायची नाही, खायची नाही.

“खा गं माय, एक घास तरी खा,” सिंधुबाई रोज विनवायची. “लई वाळून राहिली तू.”

उजमा तोंड फिरवायची. डॉक्टरांनी जावेदना बजावले होते की पोरीच्या पोटात लवकर काही गेले नाही तर अवघड आहे.

तेव्हा पुण्याहून कॉलेजची पोरे मदतीला आली. त्यांच्यात अबुजर नावाचा एक उंच सुदानी विद्यार्थी होता. त्याची भाषा अरबी, हिंदी मोडकीतोडकी. कांबळी वाटता वाटता तो उजमापुढे थांबला. माझ्याकडे पाहून त्याचा चेहरा उजळला. आपल्या घरचे अक्षर त्याला इतक्या लांब, पत्र्यावर दिसले होते.

“कुल!” तो मोठ्याने म्हणाला. मग ताटाकडे बोट दाखवून, “कुल, कुल! खाओ!”

खरेच, मित्रांनो. अरबीत माझा आणखी एक अर्थ आहे, ‘खा’. इतकी वर्षे माझ्या अंगावर तो होता आणि मलाच ठाऊक नव्हता.

उजमाने झटकन मान वर केली. “कुल नै! कल है, कल! पढना नै आता क्या?”

भूकंपानंतरचे तिचे ते पहिले बोलणे. सिंधुबाईच्या हातातला डाव तिथेच थांबला.

अबुजर घाबरला नाही. तोही इमानदार विद्यार्थी. “हमारे उधर कुल. मतलब, खाओ.”

“किसको बोलता वो? मेरे को?”

अबुजर विचारात पडला. “नहीं,” त्याने कबूल केले. “लडके को. लडकी को बोलना तो पीछे ये लगाना. कुली.”

“तो मेरे को नै बोलरा,” असे म्हणून उजमाने पुन्हा तोंड फिरवले.

अबुजरने चुलीतून विझलेला कोळसा उचलला. माझ्या लामचे गोल पोट त्याने पुढे ओढले आणि त्याला ये जोडला. “अब तेरे को,” तो म्हणाला.

उजमाने पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग तिचे बोट उजवीकडून निघाले. काफ, लाम आणि ये. अबुजरने लिहिले होते ‘कुली’, मुलीला सांगायचे ‘खा’. पण उजमाने वाचले तिच्या अम्मीच्या उर्दूत.

“कली,” ती हळूच म्हणाली.

“काय म्हणली गं?” सिंधुबाईने विचारले.

“कली, मावशी. कळी.”

सिंधुबाईने पदर तोंडाला लावला. जरा सावरल्यावर तिने घास पुढे केला. “मग खा की माझ्या कळे.”

उजमाची कळी खुलली असे मी म्हणणार नाही. तिची आई गेली होती. पण तिने तो घास तोंडात घेतला, चावला आणि गिळला. मग दुसरा घेतला. जावेद शेडच्या खांबाला धरून रडले.

दोन दिवसांनी करीमचाचा देगलूरहून पुन्हा नातीला भेटायला आले. आपल्या अक्षरांना कोळशाचे शेपूट जोडलेले पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. “मेरे हर्फ को हात किसने लगाया?” मग सिंधुबाईने त्यांना सारे सांगितले. त्यांनी थैलीतून ब्रश आणि रंगाचा डबा काढला, कोळसा पुसला आणि तोच ये स्वतःच्या हाताने पक्का केला. रंगवताना ते सारखे उजमाकडे पाहत होते, म्हणून तो ये आजही जरा वाकडा आहे. मला तो फार शोभतो.

पुढे जावेद उजमाला घेऊन लातूरला राहायला गेले. तोवर लातूर बदलू लागले होते. गल्लोगल्ली क्लासेस निघाले. उजमा हुशार, म्हणून जावेदना वाटे तिने डॉक्टर व्हावे. पण ती हैदराबादला जाऊन अरबी आणि फारसी शिकून आली. मीही तिच्या पेटीत होते. माझ्या पहिल्या दोन अक्षरांचा, म्हणजे ‘कल’चा, फारसीत ‘टकल्या’ असाही अर्थ होतो, हे कळले त्या दिवशी ती माझ्या रंग उडालेल्या पत्र्याकडे पाहून पोट धरून हसली.

परत आल्यावर तिने क्लासेसच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर, उर्दू-अरबी शिकवायला एक खोली घेतली आणि मला भिंतीवर लावले. बाहेर मोठमोठे चकचकीत फ्लेक्स होते आणि आत रिकामी बाके.

“आखा लातूर डॉक्टर बनने निकला,” जावेद म्हणाले. “और तू हर्फ सिखाती? कौन आता?”

खोली सोडून द्यावी, असे उजमाच्याही मनात येऊ लागले होते. आणि एका सकाळी मल्लम्मा आली. ती कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावची, घरी कानडी बोलणारी, नुकतीच नर्स झालेली. तिला आखातातल्या दवाखान्यात नोकरी हवी होती आणि त्यासाठी अरबी. पण फळ्यावरची वळणे पाहून ती घाबरली.

“मॅडम, मला हे जमायचं न्हाई,” असे म्हणून ती उठलीच.

उजमाने तिला माझ्यापुढे उभे केले. “एवढं एक तर वाच. हा काफ, हा लाम, हा ये. ये इथं ‘ई’ वाचायचा.”

“क… ल… ई,” मल्लम्माने अडखळत जोडले. “कली.” आणि ती एकदम हसली. “मॅडम, आमच्या कानडीत कलि म्हंजे शीक!”

उजमाने माझ्याकडे पाहिले. अबुजरने ‘खा’ लिहिले, तिने स्वतः ‘कळी’ वाचले, आणि आता ही मुलगी म्हणत होती, ‘शीक’. मल्लम्मा पुन्हा बाकावर बसली.

जावेद दारात उभे राहून हे ऐकत होते. डाळ मिलमध्ये जन्म गेलेल्या त्या माणसाला कोणतीच लिपी येत नव्हती. ते आत आले आणि चपला काढून शेवटच्या बाकावर बसले.

“अब्बू?” उजमा म्हणाली.

“तेरी अम्मी बहोत बार बोली थी मेरे को,” ते म्हणाले. “मैं हँसी में टालता रहा. अब सिखा.”

उजमाने खडू घेतला. वडिलांसाठी पहिले अक्षर तिने फळ्यावर नीट काढले.

मित्रांनो, आज त्या खोलीत बाके पुरत नाहीत, आणि माझी मान ताठ आहे. पण माझे कितीतरी भाऊबंद जुन्या दुकानांवर, दर्ग्यांच्या कमानींवर, वेशींवर पुसट होत चालले आहेत. त्यांच्यावर नवा रंग मारण्याआधी, फ्लेक्स ठोकण्याआधी जरा थांबा. ज्याला ते वाचता येते त्याला शोधा आणि मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला नाही लागला, तरी तुमच्या शेजाऱ्याला त्याचा अर्थ लागेल.