पत्रिकेवरची नावं

प्रसेनजितची बायको रोहिणी हिला जाऊन महिना झाला. तिच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर त्यानं प्रमुख उपस्थितीत अकरा नावं छापली. सगळ्यात वर शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष हिंमतराव. त्यांच्या शाळेत लवकरच जागा भरायच्या होत्या आणि संघप्रियाचं बी.एड. होऊन तीन वर्षं झाली होती. साहेब एकदा घरी येऊन गेले, की पोरीसाठी शब्द टाकायला तोंड राहील, असं त्याला वाटत होतं. त्यानं आयुष्यभर माणसं अशीच जोडली होती.

कार्यक्रम दहाचा. साडेअकरा वाजले तरी पुढच्या अकरा खुर्च्या रिकाम्या. मागं सतरंजीवर माकणीच्या बाया बसल्या होत्या. रोहिणी तिथं बारा वर्षं नर्स होती. बौद्धाचार्यांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"पप्पा, सुरू करा आता," संघप्रिया म्हणाली. "बायांची गाडी हाय एकची."

"तुझ्यासाठीच थांबलोय ना?"

"माझ्यासाठी कशाला? आज आईचं हाय."

तेवढ्यात साहेबांच्या माणसाचा फोन आला. साहेब नळदुर्गला लग्नात अडकले होते.

"काही हरकत नाही," प्रसेनजित म्हणाला, "पुढच्या वेळी साहेबांना नक्की घेऊन या."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. संघप्रियानं ऐकलं होतं. ती आत गेली.

रिकाम्या खुर्च्या बघवेनात. तो बायांकडं गेला. "या, पुढं बसा."

"नगं भाऊ," एक म्हातारी म्हणाली. "सायेब आले तर परत उठावं लागंल."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

वंदना झाली. चार शब्द बोलायला तो उभा राहिला. हातातल्या कागदावर तीच अकरा नावं होती आणि समोर बसलेल्या एकीचंही नाव त्याला माहीत नव्हतं. कागद खिशात घालून तो त्या म्हातारीजवळ सतरंजीवर बसला.

"अक्का, तुमचं नाव?"

"शांताक्का. बाई आजारी पडून दवाखान्यात हुत्या तवा एकवीस दिस डबा लावून देत हुते, माकणीच्या गाडीनं."

डबा यायचा खरा. फोनवर बोलत बोलत तो खायचा. कोण पाठवतं, हे त्यानं रोहिणीला कधी विचारलं नव्हतं.

"एक इचारू का?" शांताक्का हळूच म्हणाली. "तिथवर जाईस्तोर भाकरी कडक होत हुत्या का वो?"

त्याला आठवेना. डब्यात भाकरी असायची की चपाती, तेही आठवेना.

"न्हाय," तो म्हणाला. "मऊ असायच्या."

"बगा!" शांताक्का बायांकडं वळली. "म्या म्हणत न्हवते?"

प्रसेनजितला मान वर करता आली नाही.