पैलवानाचा खोकला

गॅरेजमध्ये त्याला सगळे पैलवान म्हणत. ट्रकचं चाक एकट्यानं उचलून बाजूला ठेवणारा गडी, पण गेली दोन-तीन वर्षं खोकला काही त्याची पाठ सोडत नव्हता. गोळ्या घेतल्या की थोडे दिवस बरं, मग पुन्हा ताप, पुन्हा नाक चोंदलेलं, पुन्हा रजा. सोबतचे मेकॅनिक धुराला दोष देत. बायकोला वाटे, हा चोरून सिगारेट ओढतो. त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलंही होतं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्या, तेव्हा तो तिसऱ्या न्यूमोनियातून नुकताच उठला होता. बाईंनी छाती तपासली, पण औषध लिहायची घाई केली नाही. लहानपणापासूनचं विचारत बसल्या. कान वाहायचे का, सायनसचा त्रास वरचेवर होतो का, जुलाब लागतात का. पैलवान हो-हो करत गेला. घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, या प्रश्नावर मात्र तो थबकला. थोरली बहीण शाळेत असतानाच न्यूमोनियानं गेली, असं त्यानं सांगितलं. आई तो विषय काढू देत नसे.

बाई म्हणाल्या, मूळ सोडून फांद्या छाटण्यात अर्थ नाही. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, आणि कोणती तपासणी कशासाठी, तेही समजावलं.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी नवरा-बायकोला एकत्र बोलावलं. ‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ एवढं कानावर पडताच बायकोचा चेहरा उतरला. ती खिडकीबाहेर बघू लागली.

“म्हणजे तो रोग?” पैलवानानं हळूच विचारलं.

“एड्स नाही. ती तपासणीही केली, त्यात काही निघालं नाही. हा आजार तुम्हाला कुणाकडून लागलेला नाही, तुमच्याकडून कुणाला लागणारही नाही. जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी तुमचं शरीर पुरेशा बनवतच नाही.”

बायकोनं मान वळवली. “आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार,” ती म्हणाली. मग नवऱ्याला, “सिगारेटवरून मी उगाच बोलले.”

“एकदा ओढली होती,” तो म्हणाला. बाईंनाही हसू आवरलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांनी निदान पक्कं केलं. रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी दर आठवड्याला पोटाच्या कातडीखाली सोडायच्या होत्या, छोट्याशा पंपानं, घरीच. ट्रकखाली बिनधास्त शिरणारा हा माणूस बारीकशी सुई पाहून भिंतीकडे तोंड करी. बायकोनं नर्सकडून सगळं शिकून घेतलं. पहिल्या खेपेला तिला तासभर लागला, मग हात बसला.

आईला सांगायला तो एकटाच गेला. पोरीला डॉक्टरकडे न्यायला आपण उशीर केला, हे ती आजवर मनात धरून होती. बाईंचं म्हणणं त्यानं जसंच्या तसं सांगितलं: आता खात्रीनं सांगता येणार नाही, पण बहुतेक तिलाही हेच असावं. मग आई पहिल्यांदाच लेकीविषयी बोलू लागली, ती किती खोडकर होती ते.

असा आजार कधीकधी पोटच्या पोरांतही उतरतो, म्हणून सगळ्यात अवघड गेलं ते आपल्या लहान मुलीचं रक्त तपासायला देणं. तिचा रिपोर्ट अगदी व्यवस्थित आला. दवाखान्याच्या पायरीवर पैलवान मटकन बसला. बायको शेजारी बसली आणि तिनं त्याला मनसोक्त रडू दिलं.

थंडीत त्याला पुन्हा ताप भरला. या वेळी त्यानं अंगावर काढलं नाही. बाईंनी बजावलं होतं तसा तो सकाळीच दवाखान्यात पोचला. बाई सुटीवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरला त्यानं आपला आजार नावानिशी सांगितला. थुंकीचा नमुना घेऊन लगेच औषध सुरू झालं, आणि दुखणं छातीत उतरायच्या आत ताप निघून गेला.

त्याच आठवड्यात मुलीच्या सायकलची चेन पडली. पैलवान चढावर ती सायकल ढकलत निघाला, सबंध रस्ताभर तिच्याशी गप्पा मारत. वर पोचल्यावर पोरगीच दमली होती.