सहीविना राहिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. टेबलावर बसणारा, वेटोळ्या वायरीचा. सध्या माझा मुक्काम इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत आहे. शेजारी मोडके सलाईनचे स्टँड आणि अंगावर धूळ.

कारखान्यातून निघून मी सुरतेत आलो, तो पर्वत पाटियाजवळच्या या छोट्या इस्पितळात. पुरुषांच्या वॉर्डात, सिस्टरच्या टेबलावर मला जागा मिळाली. रंजना सिस्टर मला रोज ओल्या कापडाने पुसायच्या. त्या मूळच्या खानदेशातल्या, राहायच्या नवागामला.

डॉक्टर बाहेर असले की माझ्यातूनच औषध सांगायचे. सिस्टर ते केसपेपरवर लिहून घ्यायच्या, डॉक्टरांना पुन्हा वाचून दाखवायच्या आणि डॉक्टर आले की त्याखाली सही करायचे. सही झाली की ते औषध डॉक्टरांनी सांगितलेलं. तोवर ते नुसतं सिस्टरच्या अक्षरात. माझ्यातून गेलेला आवाज मागे काहीच ठेवत नाही, म्हणून तर ती सही हवी.

डॉक्टर योगेंद्र माणूस वाईट नव्हते. पण दोन-तीन इस्पितळं सांभाळताना त्यांच्या सह्या मागे पडायच्या. सिस्टरने आठवण करून दिली की ते हसून म्हणायचे, "तमारा उपर भरोसो छे." तुमच्यावर विश्वास आहे, मग घाई कसली, असा त्याचा अर्थ.

एकदा धुडकू नावाचा कामगार दाखल झाला. कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर काम करायचा. त्याच्या छातीत न्यूमोनिया भरला होता. त्याची बायको सुंदरा उशाशी बसून असायची. तिला गुजराती धड कळत नव्हतं. रंजना सिस्टर तिच्या खानदेशी अहिराणीत बोलल्या, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा धीर दिसला. दोन दिवसांतच ती त्यांना ताई म्हणू लागली. घरून भाकरी आणली की अर्धी त्यांच्या डब्यात ठेवायची.

एका दुपारी धुडकूला श्वास घेता येईना. सिस्टरने घाईने मला उचललं. डॉक्टर योगेंद्रांनी इंजेक्शनचं नाव सांगितलं, किती द्यायचं तेही सांगितलं. सिस्टरने लिहिलेलं वाचून दाखवलं.

"हा, बराबर छे. आपी दो," डॉक्टर म्हणाले. "सही आवीने करी दईश." म्हणजे द्या, सही आल्यावर करतो.

सिस्टरने इंजेक्शन दिलं.

"ताई, यासले बरं व्हई ना?" सुंदराने विचारलं.

"व्हई, माय. डॉक्टरसले इचारीसनच दिधं."

संध्याकाळ व्हायच्या आत धुडकू गेला.

नातेवाईक जमले, डॉक्टरही आले. धुडकूचा भाऊ निंबा केसपेपर घेऊन डॉक्टरांसमोर उभा राहिला. "शेवटचं इंजेक्शन कोणी सांगितलं? इथं तुमची सही नाही." बाहेर आवाज चढले होते. डॉक्टरांनी त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. खिशाला लावलेलं पेन त्यांनी काढलं नाही.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

रंजना सिस्टर काही बोलायला गेल्या, पण सुंदरा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली होती. ती ओरडली नाही.

"तू ते मन्ही बहीण व्हती ना? मंग न इचारता सुई कशी दिधी?"

मित्रांनो, मी तिथेच होतो. त्या दोघांशिवाय सगळं ऐकलेला मी एकटा, आणि मला स्वतःचा आवाज नाही.

सहीविना सिस्टरचं म्हणणं कोणी धरलं नाही; त्या आठवड्यात रंजना सिस्टरांना घरी बसवलं. पुढे इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी कागद तपासले. औषध योग्य होतं, प्रमाण योग्य होतं, आजारच हाताबाहेर गेला होता, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर एका दुपारी डॉक्टर योगेंद्र वॉर्डात आले. केसपेपर मागवून त्यांनी मागची तारीख न घालता त्याच दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं, 'हे औषध मीच फोनवर सांगितलं होतं.' खाली सही केली. मग मला उचलून रंजना सिस्टरांना फोन लावला.

"सिस्टर, मी सही केली. तुम्ही परत या."

त्या म्हणाल्या, "साहेब, मला नका सांगू. सुंदराला सांगा."

डॉक्टरांनी कडोदऱ्याला, लूमच्या कारखान्यात फोन लावला. यंत्रांच्या खडखडाटातून कोणीतरी ओरडून सांगितलं, की ती खोली सोडून मुलांना घेऊन गावी गेली. कोणत्या गावी, ते कोणाला ठाऊक नव्हतं. निंबाही काम सोडून गेला होता. डॉक्टरांनी रिसीव्हर खाली ठेवला.

रंजना सिस्टर परत आल्या नाहीत. पुढे सगळ्यांकडे मोबाईल आले आणि मला इथे आणून ठेवलं.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्या कोणी काही केलं, तर त्याखाली आपलं नाव लिहायला वेळ लावू नका. आणि खानदेशात कुठे सुरतेहून परतलेली सुंदरा भेटली, तर तिला एवढं नक्की सांगा, की तुझ्या ताईने विचारूनच दिलं होतं.