अर्जदाराची फेरी

लाज कशाला म्हणतात ते मला विचारा. गावभर सगळ्यांना अक्कल शिकवत फिरणारा मी, सायकल दुरुस्तीवाला, त्या सकाळी आमच्याच शेतात मेल्याहून मेल्यासारखा झालो.

शेत आम्हा दोघा भावांचं. भाऊ गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून वहिनी एकट्याच ते कसतात. मी दुकान सोडून तिकडे फिरकलोही नाही. सरकारने अनुदान काढलं तेव्हा नियम साफ होता, जो कसतो त्यालाच पैसे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढा माझा अर्ज भरून टाका. विहिरीवरची मोटर बदलायची आहे."

भरला की! फक्त नावाच्या जागी माझं नाव टाकलं. म्हटलं, पैसा काय, एकाच घरात येणार, आणि दुकानात हवा भरायचं नवं मशीनही होऊन जाईल. स्वतःची समजूत घालण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

तपासणीचे साहेब आले तेव्हा वहिनी धुवट कपडे घालून, कागदांची पिशवी छातीशी धरून वाट बघत होत्या. साहेबांनी अर्जदाराचं नाव वाचलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेत खडा गेल्याचं सोंग घेऊन खाली वाकलो.

"हा फोन हातात धरा आणि शेताच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारा," साहेब मला म्हणाले. "नकाशा आपोआप निघतो. कसणाऱ्याला हद्द पाठ असतेच. अर्ज खोटा निघाला तर मात्र थेट पोलीस."

माझी पाचावर धारण बसली. हद्द कुठे वळते ते मला काय कप्पाळ ठाऊक! दहा पावलं गेलो नाही तोच शेजाऱ्याच्या मक्यात शिरलो.

"इकडून," वहिनी म्हणाल्या. पिशवी खाली ठेवून त्या पुढे झाल्या. नुसत्या गप्प उभ्या राहिल्या असत्या तरी माझं पितळ उघडं पडलं असतं. पण त्या चालत राहिल्या आणि मी खालमानेने मागे. "इथे चिखल आहे, जपून. हा दगड आपला, तो पलीकडचा त्यांचा."

"या बाई कोण?" साहेबांनी मला विचारलं.

बोल ना, गाढवा! वहिनी आहेत म्हण, खऱ्या शेतकरी याच म्हण! पण तोंडातून निघालं, "कामाला येते ती."

लग्न होऊन आल्यापासून ज्यांच्याशी कधी एकेरी बोललो नाही, त्यांना मी 'ती' म्हणालो. वहिनी क्षणभर थबकल्या.

"मजुरी वेळेवर मिळते ना, बाई?" साहेबांनी विचारलं.

"मिळते," वहिनी मागे न बघता म्हणाल्या. "यांनी कधी थकवली नाही."

फेरी पुरी झाली. साहेबांनी फोटोसाठी मला पिकात उभं केलं. "बाई, जरा बाजूला व्हा, फोटोत फक्त शेतकरी हवा." त्या बाजूला झाल्या.

साहेबांची गाडी गेल्यावर मी हात जोडले. "वहिनी, चुकलो. पैसे आले की सगळेच्या सगळे तुमच्या हातात देतो. शप्पथ!"

त्यांनी पिशवी उचलून माती झटकली.

"अनुदान ठेवा तुम्हाला. माझी नऊ वर्षांची मजुरी तेवढी द्या, मालक," त्या म्हणाल्या आणि खुरपं घेऊन कामाला लागल्या.